करवलीची गोळी

६ जानेवारी, सोमवार

बाटली मिळाली! पांढरी, प्लास्टिकची, वर नुसतं 'क'. नाव नाही, कंपनी नाही. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा मी याहून जास्त लिहिते.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर मीनाक्षींनी आज पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मनूसारखी मुलं — तान्हेपणापासून मोठमोठ्या फिट्स, कुठल्याच औषधाने पूर्ण न थांबणाऱ्या — वयात आली की गुडघ्यांत वाकून चालायला लागतात. आमची मनू एकोणीस वर्षांची आहे आणि खुर्चीवर बसता बसता कुणीतरी हाक मारल्यासारखी चालते. तर म्हाताऱ्यांना कंपवातावर जी गोळी देतात, ती अशा मुलांच्या चालण्याला उपयोगी पडते का, ते बघायचंय. चार आठवडे ही बाटली, मग एक आठवडा काहीच नाही, मग चार आठवडे दुसरी बाटली. एकीत खरं औषध, एकीत खोटं. कुठलं कशात ते मला सांगणार नाहीत. आणि गंमत म्हणजे डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही! मी म्हटलं, मग माहीत कुणाला? म्हणाल्या, कॉम्प्युटरला.

घरी ह्यांना सांगितलं. हे बसच्या डेपोत मेकॅनिक. म्हणाले, त्यात काय, गाडी दुरुस्त झाली का ते चालवल्यावरच कळतं. ह्यांना सगळं जग म्हणजे गिअरबॉक्स.

हॉस्पिटलने एक वही दिलीय. त्यात फिट कधी आली, किती वेळ, ताप होता का, एवढंच लिहायचं. चिडचिडीला तिथे रकाना नाही. ती इथे.

७ जानेवारी

शेजारच्या जगदीशकाकांना कंपवात आहे. म्हणजे तीच गोळी! कळल्यापासून काकांची कॉलर ताठ. सकाळी हळूहळू पाय घासत आले, कॅप्सूल तळहातावर घेतली, हुंगली, उजेडात धरली. चाटून बघू का म्हणाले. मी हिसकावून घेतली.

"आमची पिवळी असते," म्हणाले. "पण हिच्यात जीव आहे. खरी आहे ही."

मला तेवढंच ऐकायचं होतं.

९ जानेवारी

आमच्या मुलाचं, वैभवचं, लग्न २ मार्चला. मुलगी गिरगावची, नूपुर, गोड आहे. हॉल दादरला. आज सीमावन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, याद्या करायला आल्या आणि चहाचा पहिला घोट घेता घेता म्हणाल्या, करवली आमची अक्षदाच ना?

मनू पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिला शब्द थोडे येतात, पण आले की खणखणीत. लसणीची पाकळी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी. करवली मी."

खरं तर ती सख्खी बहीण. तिचाच मान आहे. नवरदेवाच्या मागून कऱ्याचा तांब्या घेऊन खोलीपासून बोहल्यापर्यंत चालत जायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत त्याच्या पाठीशी उभं राहायचं. आतेबहीण असेल बापडी सुंदर, तिने काय ते फोटो काढावेत. पण मी तोंडाने काहीच बोलले नाही. कारण मनू पडते. गर्दीत पडते, उकाड्यात पडते, घाईत पडते. चारशे माणसांसमोर हातात तांब्या घेऊन पडली तर? वन्सं "बघू" म्हणाल्या. वन्संचं "बघू" म्हणजे ठरलं.

त्या गेल्यावर मनूने मला विचारलं नाही, नुसतं बघितलं. मला ते बघणं सहन होत नाही. मी मशीनवर जाऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या साडीला फॉल उलटा लावला.

१२ जानेवारी

सराव सुरू! स्टीलचा तांब्या, आंब्याची पानं, वर नारळ. गॅलरीच्या या टोकाला आमचं दार, त्या टोकाला संडास. म्हणजे मुहूर्त बरा आहे, पण बोहलं संडासापाशी.

मनू पुढे, मी मागे. मी तिला कशी धरते ते लिहून ठेवायला हवं, कारण त्याला नाव नाही. तिच्या ड्रेसचा पाठीतला कपडा मुठीत गच्च धरायचा. गुडघा लचकला की वर खेचायचं. तिच्या सगळ्या ड्रेसना मी पाठीत आतून कापड लावून दुहेरी टीप मारते, नाहीतर महिन्यात फाटतात. फॉल-पिकोवाल्या आईचा हाच एक फायदा. हे त्याला "हँडल" म्हणतात.

पहिल्याच फेरीत नारळ गेला. कठड्यावरून तिसऱ्या मजल्यावरून खाली! खालच्या स्कूटरच्या सीटवर आपटला, उडाला आणि चौकात जाऊन फुटला. स्कूटरवाला वर बघून ओरडायला लागला, तेवढ्यात मनूने त्याला हात हलवून टाटा केला. तो बिचारा काय बोलणार. नारळाची सोलकढी केली आणि एक पेला त्यालाही धाडला.

१५ जानेवारी

काल संक्रांत, आणि आज उलगडा!

मनू दुपारी जेवायलाच तयार होईना. पोट हे असं टम्म. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की आपल्या मजल्यावरच्या लोकांनी परस्पर कारस्थान केलंय. चंपाकाकू, म्हणजे जगदीशकाकांची बायको, आठवडाभर रोज सकाळी तिला पाया सूप पाजतायत! मी पाण्याच्या रांगेत असताना. त्यांच्या पलीकडचे उकडलेली दोन अंडी देतात. आणखी कुणी सुकटीची चटणी. आणि सगळं गोळीच्या टायमाला, कारण "औषधाबरोबर अंगी लागतं".

मी चंपाकाकूंना जाब विचारला. पातेलं पुसत शांतपणे म्हणाल्या, "पायाक पायच लागतत गो."

डॉक्टर मीनाक्षींना फोन केला. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणे या गोळीचं मटण-मासे-अंडी-डाळीशी वाकडं आहे. दोन्ही एकदम पोटात गेले की गोळी मागे राहते. गोळी आधी, जेवण तासाभराने. मला त्यांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी चाळीला सांगितलं नव्हतं. आमच्या करी रोडच्या चाळीत औषध एका माणसाला देता येत नाही, मजल्याला द्यावं लागतं.

आता दारावर पाटी लावलीय: गोळीच्या वेळी मनूला काही खायला घालू नये. खाली ह्यांनी पेनने लिहिलंय, हुकुमावरून.

२० जानेवारी

चालली!

एका बाईच्या साडीला पिको करत होते. रेशीम सरकत होतं, मधेच उठता येईना. मनू तांब्या घेऊन निघाली. मी हाक मारणार होते, पण म्हटलं राहू दे, गोळी आहे ना पोटात, ती धरेल. आणि साडीवरून मान वर केली तर पोरगी त्या टोकाला! एकटी! भिंतीला टेकली, नारळ सांभाळला, वळली आणि परत आली. गुडघे वाकडेच, पण मधे थांबली नाही.

जगदीशकाका त्यांच्या दारात उभे होते. उभेच होते, कारण उंबऱ्यापाशी त्यांचे पाय कधीकधी जमिनीला चिकटतात, मग आडवी काठी टाकली की ती ओलांडायला पाय उचलतो. चंपाकाकूंनी काठी टाकली, ते सुटले आणि टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, आमच्या गोळीचा गुण!

संध्याकाळी सगळ्यांना साखर वाटली. वैभवला फोनवर सांगताना मला रडू आलं. तो म्हणाला, आई तू रडतेस का? मी म्हटलं, सर्दी.

२३ जानेवारी

पहाटे फिट. मोठी. काही लिहायचं नाही.

२५ जानेवारी

मनू बरी. दोन दिवस झोपूनच होती. आज उठून आपणहून तांब्या मागितला. मी नाही म्हटलं तर टोपीसकट पांघरूण डोक्यावर घेऊन बसली. टोपी म्हणजे तिचं हेल्मेट. मग दिला.

२८ जानेवारी

वन्संना सांगून टाकलं. करवली मनूच.

त्या म्हणाल्या, अगं पण फोटोत हेल्मेट? मी म्हटलं, फोटोत तुमचे भाऊ आहेत, ते चालतात ना? हे शेजारीच बसले होते. त्यांना वाटलं कौतुक चाललंय.

अक्षदाचं तोंड उतरलं. तिची शिवायला टाकलेली नऊवारी तयार आहे म्हणे. मला थोडं वाईट वाटलं. म्हटलं तू मनूच्या बाजूला उभी राहा, दिवा धर. त्यावर तह झाला.

३ फेब्रुवारी

'क'चे चार आठवडे संपले. उरलेल्या गोळ्या हॉस्पिटलला परत केल्या. जिवावर आलं. एक पदरात बांधून ठेवावी असं मनात आलं होतं. पण त्या मोजून घेतात.

तिथे मनूला एका लांब चटईवरून चालवतात. पाय कुठे टेकतो, किती भार पडतो, ते सगळं चटईला कळतं. मी सवयीने मागून हँडल धरायला गेले तर मला रेषेच्या पलीकडे बसवलं. डॉक्टर मीनाक्षींचा चेहरा बघत बसले. काही म्हणजे काही कळू देत नाहीत. पत्ते खेळायला बसल्या तर सगळ्यांना लुटतील.

७ फेब्रुवारी

बिनगोळीचा आठवडा. मनू काल मोरीपाशी पडली. कोपर सोललं. बघा! औषध गेलं आणि लगेच!

१० फेब्रुवारी, सोमवार

दुसरी बाटली. वर 'ख'.

जगदीशकाकांनी हुंगली. मान हलवली. बराच वेळ हलवली, पण ती त्यांची हलतेच, म्हणून तोंडाने विचारलं. म्हणाले, पीठ आहे हे.

आणि लग्न या बाटलीत येतंय! कॉम्प्युटरला काय माहीत मुहूर्त. डॉक्टर मीनाक्षींना फोन करून विचारलं, आधीचीच थोडे दिवस लांबवता येईल का? नाही म्हणाल्या. मी सांगितलं, ही दुसरी खोटी आहे, आम्हाला कळलंय. त्यांनी विचारलं, कशावरून? शेजाऱ्यांनी वास घेतला, असं सांगायला जीभ रेटेना.

१४ फेब्रुवारी

पिठाच्या भरवशावर कोण सोडणार? पुन्हा हँडल. घरात, गॅलरीत, मोरीत. मनू चालते पण अडखळते, अंग आखडून. पुढे झुकते, मी मागे खेचते, ती आणखी झुकते. एक फेरी झाली की दोघी घामाघूम. नारळ दोनदा गेला. आता आम्हाला सोलकढी नको झालीय.

आज मधेच थांबली. म्हणाली, "आई, सोड."

म्हटलं, बाळा, पडशील.

"सोड."

सोडते कशी? गेल्या आठवड्यातलं कोपर अजून ओलं आहे. नाही सोडलं. तिने तांब्या जमिनीवर ठेवला, हळूच, पाणी न सांडता, आणि घरात जाऊन बसली.

१९ फेब्रुवारी

हेल्मेटला लग्नासाठी तयार करणं चाललंय. डॉक्टर म्हणतात, त्याच्याशिवाय गर्दीत नाही. मग असू दे, पण नटलेलं असू दे! जुन्या पैठणीचा काठ काढून कडेने लावला. वर मोती. मागे खोपा दिसतो तसा फुगा शिवला आणि त्याला गजरा अडकवायला हुक. सुई त्या जाड स्पंजातून जाईना, अंगठ्याची चाळण झाली.

घालून बघितलं. मनू आरशासमोरून हलेना. हे म्हणाले, महाराणी. मग स्वतःच्या डोक्यावर घालून बघितलं. ह्यांच्या डोक्यात अडकलं! काढताना दोन मोती गेले आणि मी फार बोलले.

२३ फेब्रुवारी

मी वाईट आई आहे. आज वन्संना फोन करून सांगितलं, तांब्या अक्षदाच्याच हातात देऊ.

कालच्या सरावात मनू चार वेळा मटकन खाली बसली. रात्रभर डोळ्यांसमोर तेच. चारशे माणसं, ती जमिनीवर, आणि कुणीतरी मोबाईल काढलेला. माझं हसं झालेलं चालेल, आयुष्यभर झालंय. तिचं नाही चालणार. वन्सं एकदम गोड झाल्या, म्हणाल्या तू योग्य तेच केलंस. त्यांनी मला योग्य म्हटलं तेव्हाच कळायला हवं होतं.

वैभवला कळलं. तो सहसा आवाज चढवत नाही. आजही नाही चढवला. म्हणाला, "मनूने तांब्या धरला नाही तर मी एकटाच चालत जाईन. मागे कुणी नको."

मग मीच तोडगा काढला. तांब्या मनूच्या हातात. मी मागे, पदराआड हात घालून हँडल धरून. नऊवारीला पाठीत कसं बसवायचं ते मी बघते. कुणाला दिसणार नाही. सगळे खूश. मी तर फारच.

२७ फेब्रुवारी

हँडल जमलं! ब्लाउजला मागे पट्टा, वर शेला. माझ्या हातून झालेलं आजवरचं सर्वांत चांगलं काम, आणि दाखवता यायचं नाही.

३ मार्च, सोमवार

काल लग्न झालं. आज घर पसरलेलं आहे, हे अजून झोपलेत, मनूही. सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी दादरला हॉलवर. एसी गार, मनूच्या मानेवर ओला रुमाल, गोळी वेळेवर, नाश्ता तासाने. चंपाकाकूंवर खास पहारा. मनू नऊवारीत, डोक्यावर मोत्यांचं हेल्मेट, वर गजरा. नूपुरच्या माहेरच्या एका बाईने मला विचारलं, हे नवीन फॅशनचं कुठे मिळतं? मी म्हटलं, ऑर्डरप्रमाणे करून देते.

मुहूर्ताच्या आधी वैभव खोलीतून निघाला. मागे तांब्या घेऊन मनू, बाजूला दिवा घेऊन अक्षदा, आणि मनूच्या मागे मी, पट्ट्यात बोटं रोवून. दारात वन्संनी मला अडवलं.

"वहिनी, तू कुठे निघालीस?"

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलाची आई! मुलाच्या आईने मंगलाष्टकांना मांडवात थांबायचं नसतं! अक्षता पडताना तिने बघायचं नाही, आमच्यात पद्धतच आहे. माझ्या लग्नात सासूबाई खोलीत बसून चहा पीत होत्या, हे तीस वर्षं मी सगळ्यांना रंगवून सांगत आलेय. आणि दोन महिने तांब्या, नारळ, हेल्मेट, पट्टा, सगळ्याचा विचार केला, पण मी मुलाची आई आहे हे विसरले! मनूची आई एवढंच लक्षात राहिलं होतं.

बाहेर भटजींनी हाक दिली, मुहूर्त जवळ आलाय. मी म्हटलं, अक्षदा, तू धर हिला मागून. अक्षदा म्हणाली, हो मामी, पण दिवा? तोवर मनू चालायला लागली होती. पट्टा माझ्या बोटांतून सुटला. दार लागलं.

खोलीत मी आणि जगदीशकाका. त्यांच्या गोळीचा अंमल यायला वेळ होता म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं. मी कोपऱ्यात बसले, उठले, बसले. बाहेर पहिलं मंगलाष्टक. काका उठून पाय घासत दारापाशी गेले, फट केली आणि डोळा लावला. म्हटलं, काका, काय दिसतंय? ते काही बोलेनात. पहिलं "सावधान" झालं. दुसरं झालं.

तिसऱ्यात बाहेर काहीतरी धप्प झालं आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास घेतला.

काका दाराला डोळा लावूनच म्हणाले, "पडली."

पद्धत गेली खड्ड्यात, म्हणून दाराकडे धावले. पण दार आत उघडतं, आणि दारात काका! त्यांचे पाय चिकटले होते. काका, बाजूला व्हा. होता येत नव्हतं. ढकलू कसं? पडले असते, आणि मग दोघं पडलेले. काठी चंपाकाकूंकडे, आणि चंपाकाकू पहिल्या रांगेत. आतून मी रडतेय, बाहेर चौथं मंगलाष्टक सुरू झालंय. पडलेल्या पोरीला टाकून गातायत कसे, म्हणून मी भटजींना मनात वाट्टेल ते बोलले.

काकांचा आवाज आधीच बारीक. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"कोण पडली काका?"

त्यांना शब्द यायला वेळ लागतो. पाचवं सुरू झालं तेव्हा आला.

"अक्षदा."

"आणि मनू?"

"उभी आहे."

नंतर मला समजलं. अक्षदाने एका हातात दिवा आणि दुसऱ्याने मनूला मागून धरायचा प्रयत्न केला. मनूने खांदा झटकून तिचा हात काढला, आणि अक्षदाचा पाय तिच्याच नऊवारीत अडकला. दिवा विझला, ती सरळ आडवी. लागलं नाही, देवाची कृपा, नाहीतर वन्सं मला जन्मभर सोडत्या ना. आणि मनूने काय केलं? खाली बघितलं. मग पुन्हा समोर बघून उभी राहिली, तांब्या छातीशी, नारळ जागेवर. शेवटच्या "सावधान"पर्यंत. वाजंत्री लागली तरी तांब्या सोडेना, वैभवला हळूच मागून घ्यावा लागला.

शेवटी खोलीतला जादाचा हार मी काकांच्या पुढ्यात आडवा टाकला. तो ओलांडून ते बाहेर पडले आणि त्यांच्यामागून मी. माझ्या मुलाच्या अक्षता मी पाहिल्या नाहीत, माझ्या मुलीचं चालणं पाहिलं नाही. आणि आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

५ मार्च

व्हिडिओ आला. सकाळपासून तेवढंच बघतेय. खोलीच्या दारापासून बोहल्यापर्यंत. गुडघे चक्क सरळ. म्हणजे अगदी सरळ नाहीत, पण कुणी हाक मारलेली नाही, पोरगी खुर्चीतून उठलीय. इतकं बरं चालताना मी तिला जानेवारीतही पाहिलं नव्हतं.

पिठावर?

जगदीशकाकांना विचारलं. ते म्हणाले, पिठाचीही ताकद असते. चंपाकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, सूप उशिरा लागू पडतं.

१० मार्च

'ख' परत दिली. चटईवर चालवलं. मी आपणहून रेषेच्या पलीकडे जाऊन बसले. डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. चेहरा तसाच, पण दुसऱ्यांदा बघताना चष्मा काढून पुसला.

२९ मार्च

डॉक्टर मीनाक्षींचा फोन. आमच्यापुरतं गुपित उघडलं. खरी गोळी 'ख' होती. 'क'मध्ये नुसती पूड. चटईवर 'ख'च्या वेळी मनू स्पष्ट बरी चालली. एकट्या मनूवरून काही सिद्ध होत नाही, पण तिला ही गोळी चालू ठेवू म्हणाल्या.

म्हणजे जानेवारीत गॅलरीभर एकटी गेली ती पिठावर, कारण मी साडीवरून उठले नाही. आणि फेब्रुवारीत खरं औषध पोटात असताना रोज अडखळत होती, ती माझ्या मुठीत.

फोन ठेवला. मनू चप्पल घालून गॅलरीत निघाली होती. मी मशीनपाशी बसून राहिले, दोन्ही हात मांडीखाली घेऊन.